तिघींत तिसरी

तात्यांचा फोन आला तेव्हा मी आमच्या सूसच्या सोसायटीत, ‘लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ या पाटीखाली खुर्ची टाकून बसले होते. डाव्या पायात लहानपणापासून पोलिओ, पायाला कॅलिपर आणि हातात काठी असा माझा सरंजाम आहे. त्यामुळे लिफ्ट बंद पडली की मी घरी जात नाही, लिफ्टची वाट बघते. तात्या म्हणजे मुळशी धरणाच्या अलीकडच्या गावातले शेतकरी. मी बँकेत होते तेव्हा त्यांच्या भागातल्या शाखेत काही वर्षं काढली होती, तेव्हापासूनची ओळख. त्यांना एक हात नाही, आणि तालुक्यातल्या अपंगांच्या क्रीडा स्पर्धा तेच भरवतात.

“म्याडम, गोळा टाकता का?” नमस्कार-चमत्कार न करता तात्यांनी विचारलं.

“कुठे?”

“लांब.”

मग खुलासा झाला. बायकांच्या ‘बसून गोळाफेक’ या प्रकारात दोनच नावं आली होती. नियमाप्रमाणे तीन लागतात, नाहीतर प्रकारच रद्द. त्यांना एक तिसरी बाई हवी होती.

“अहो, पण मला येत नाही. मी तिसरी येईन.”

“तिसऱ्याच यायच्या तुमी. त्याच्यासाटीच बोलावतोय.”

खेळासाठी इतक्या सरळपणे मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. शाळेत क्रीडादिनी मला सगळ्यांच्या चपला सांभाळायला बसवत आणि संध्याकाळी ‘उत्तेजनार्थ’ प्रमाणपत्र देत. चपला मी नीट सांभाळायचे, त्याबद्दल वाद नाही. पुढे बँकेच्या स्नेहसंमेलनातही रांगोळी असो की संगीत खुर्ची, माझ्या नावापुढे ‘उत्तेजनार्थ’ आधीच लिहून ठेवलेलं असे. संगीत खुर्चीत तर मी भागही घेतला नव्हता. त्यामुळे तात्यांना मी लगेच हो म्हटलं.

शनिवार: सूस ते धरण

माझ्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं आहेत. दुचाकींच्या गर्दीत मी मावत नाही आणि चारचाकीवाले मला चारचाकी समजत नाहीत. सूसहून नांद्यावरून पिरंगुटला जवळचा रस्ता आहे, पण तिथे खडीचे डंपर आपल्यावर विशेष लोभ ठेवून असतात. म्हणून चांदणी चौकातून गेले. चौकातले नवे पूल फार सुंदर आहेत. आपल्याला जायचंय त्याच्या उलट दिशेने गेलं की ते जास्त चांगले दिसतात, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

भूगावात पहिला फ्लेक्स लागला. ‘दिव्यांग बंधू-भगिनींच्या भव्य क्रीडा स्पर्धा’. वर प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो, भोवती शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि खाली कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं निळं चिन्ह. खेळाडूचा फोटो एकही नव्हता, जागा पुरली नसावी. पाहुणे म्हणजे याच पट्ट्यात इमारती बांधणारे एक बिल्डर. या वर्षीचा मंडप, पदकं, जेवण असा सगळा खर्च त्यांनी उचलला होता.

पिरंगुटला मिसळ खाल्ली. कंपन्यांची पाळी सुटायची वेळ होती आणि सिटी बसमागे माणसं पळत होती, म्हणून टेबल सहज मिळालं. मिसळ झणझणीत, पाव ताजे, दरही पुण्यापेक्षा सोसणारा. माझ्यासारखं कुणी जाणार असेल तर त्यांच्यासाठी: रस्त्याकडेच्या हॉटेलांत पायरी सगळीकडे आहे, रेलिंग कुठेही नाही, पण हाक मारली की वेटर धावत येतो आणि विचारल्याशिवाय काखेत हात घालून उचलतो. त्याला आधीच “फक्त खांदा दे” असं सांगावं. पुढे घाटाचं वळण, मग पौड. तिथे पेट्रोल भरून घ्यावं. पौड सोडलं की भात काढून झालेली खाचरं, गवताच्या गंज्या आणि डोंगरांच्या मधून अचानक धरणाचं पाणी दिसतं. तिथे मी स्कूटर थांबवून बराच वेळ उभी राहिले. शनिवारी पुण्याहून आलेल्या दहा-बारा गाड्याही थांबल्या होत्या, पण त्यांतली माणसं पाण्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती.

तात्यांच्या घरी मागच्या पडवीच्या दोन खोल्या आता पर्यटकांना भाड्याने देतात. खोलीत कमोड आहे, हे मी मुद्दाम नोंदवते. दारापुढच्या पायऱ्यांवर तात्यांनी माझ्यासाठी गोठ्याची जुनी फळी टाकून उतार केला होता. जेवायला धरणातली चिलापी मासळी, नाचणीची भाकरी आणि आंबेमोहोराचा भात. जेवण झाल्यावर अंगणात तात्यांनी माझ्या हातात गोळा दिला आणि स्वतः सुपारी कातरत बसले. एका हाताने आणि पायाच्या अंगठ्याने ते इतक्या सफाईने कातरतात की मी आधी बघतच बसले.

रेवडीपासून पदकापर्यंत

या स्पर्धांचा इतिहास बक्षिसांवरून सांगावा लागतो. सुरुवात झाली रेवडीपासून.

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा आखाडा असतो. मुळशीत कुस्ती म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही, इथे पैलवानाच्या घराचा पत्ता विचारला तर दहा जण सोडायला येतात. आखाड्यात लहान पोरांच्या पहिल्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग टॉवेल-टोपीवर, आणि शेवटी मोठ्या इनामाच्या. तात्याही पैलवान होते. मग एका कारखान्यात प्रेसमध्ये हात गेला आणि पुढच्या जत्रेला ते कडेला बसून कुस्त्या बघत होते. मोठा पैलवान यायला उशीर झाला, लोक कंटाळले, तेव्हा पंचांपैकी कुणाला तरी सुचलं की तोवर लंगड्यांची पळायची शर्यत लावू.

“मला बी उबा केला,” तात्या म्हणाले. “म्हटलं, आरं, माजा हात गेलाय, पाय न्हाई. तर म्हनले, तेच ते.”

“मग?”

“मंग काय, पयला आलो. दोन पाय धड असलेला मी एकटाच हुतो. रेवड्या दिल्या हातात. लोकं पोट धरून हसली.”

ती रेवडी तात्यांना फार झोंबली. पुढच्या वर्षी त्यांनी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, त्याच मैदानात स्वतः शर्यती लावल्या. हाताचे वेगळे, पायाचे वेगळे, आंधळ्यांचे वेगळे. बक्षीस नारळ. आंधळ्यांच्या शर्यतीत शेवटच्या रेघेवर एक जण घुंगरं वाजवत उभा राहणार आणि खेळाडूंनी आवाजाकडे पळायचं अशी शक्कल होती. ती उत्तमच होती, फक्त नेमका त्याच वेळी जत्रेला आलेला एक बैल गळ्यातली घुंगरमाळ वाजवत मैदानाच्या कडेने घरी निघाला. सगळे खेळाडू बैलामागे गेले. त्यातला पहिला आलेला माणूस थेट गोठ्यात पोचला, आणि पंचांनी त्याचा नारळ तिथेच नेऊन दिला, कारण पळण्यात काही खोट नव्हती.

मग वर्षं गेली, आजूबाजूच्या गावांतून माणसं यायला लागली, आणि नाव बदलत गेलं. लंगड्यांच्या शर्यती होत्या त्या ‘अपंग क्रीडा स्पर्धा’ झाल्या, मग ‘विकलांग’, आता ‘दिव्यांग’. नाव दर वेळी एक पायरी वर चढलं. स्टेजच्या पायऱ्या मात्र जिथल्या तिथे राहिल्या आणि पदक घ्यायला माणसाला अजूनही दोघांनी उचलून वर न्यावं लागतं.

“मदी लई वंगाळ काळ आला,” तात्या म्हणाले. “समद्यांना उत्तेजनार्थ.”

देणगीदार आले, स्टेज आलं, आणि कुणाचं मन दुखू नये म्हणून नंबर काढणंच बंद झालं. सगळ्यांना एकसारखं प्रमाणपत्र, एकसारखा स्टीलचा डबा. खेळाडू हळूहळू यायचे थांबले. डबे घरोघर होतेच. शेवटी तात्यांनी जिल्ह्याच्या स्पर्धांशी जुळवून घेतलं: इथला पहिला नंबर तिकडे जाणार. त्यानंतर लोक परत आले, भांडायलाही लागले, टेप दोनदा लावून मागायला लागले. हे सांगताना तात्यांचा चेहरा खुलला होता. माझा गोळा तेवढ्यात त्यांच्या कोंबडीच्या डालग्याजवळ पडला, पण कोंबडी हलली नाही. तिला बहुतेक अंदाज आला होता.

रविवार: मैदान

माझ्या दोघी प्रतिस्पर्धी सकाळी भेटल्या. कुसुमताई पौडच्या, साठीच्या घरात, ट्रॅक्टरखाली एक पाय गेलेल्या. थोडी जमीन विकली, उरलेल्या जागेवर खोल्या बांधून भाड्याने दिल्या. अंगावर चांगली जरीकाठी साडी, कारण फोटो असतो. गेली कित्येक वर्षं या प्रकारात पहिला नंबर त्यांचाच. दुसरी मंदा, तिशीची, धरणापलीकडच्या डोंगरातल्या वाडीवरची. दोन्ही पायांत जन्मापासून जोर नाही. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत तिला भाऊ पाठीवर आणतो. दिवसभर बसून हिरडे फोडते, त्यामुळे मनगटं अशी की हात मिळवल्यावर मी माझी बोटं मोजून घेतली. ती दर वर्षी दुसरी येते.

“तुमी तिसऱ्या व्हय?” तिने मला विचारलं.

“हो.”

“बरं झालं आल्या. न्हाईतर गेलंच हुतं यंदाचं.” मग म्हणाली, “भाऊ पिरंगुटला कंपनीत लागतोय. फुडल्या साली मला खाली कोन आनंल? यंदाच वर जायाचं बगा. जिल्ह्याला.”

कुसुमताई हे ऐकत होत्या. “मंग जिक की,” त्या म्हणाल्या. “मी काय सोडनार न्हाई.”

“सोडू नगा,” मंदा म्हणाली.

आमच्या खेळाची खुर्ची लोखंडी, आणि ती हलू नये म्हणून चार खुंट्यांना बैलांच्या दाव्यांनी आवळून बांधलेली होती. पंच म्हणून शाळेतले निवृत्त क्रीडाशिक्षक होते. आधी मी टाकला. गोळा माझ्या हातातून सुटला आणि अगदी जवळची जागा पसंत करून बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तशाच, ओळखीच्या, चपला सांभाळल्याबद्दल वाजायच्या तशा. मग कुसुमताईंनी पदर खोचून असा टाकला की मागे कडेला बसलेले टोपीवाले म्हातारे पुढे सरकले. मग मंदा. पहिले दोन गोळे कुसुमताईंच्या खुणेच्या अलीकडेच पडले. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि टाकला. गोळा कुसुमताईंच्या खुणेच्या पुढे वीतभर पडला.

कुसुमताईंनी टेप परत लावायला सांगितला. तो परत लावला. वीतभरच होतं. त्यांनी खोचलेला पदर सोडून नीट केला.

मंदा भावाकडे बघून हसत होती, आणि मी तिच्याकडे बघून. एवढा आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

सगळेच विजेते

दुपारी बक्षीस समारंभ. आम्हाला रीतसर उचलून स्टेजवर नेण्यात आलं. प्रमुख पाहुणे तसे भले गृहस्थ होते, घामाघूम होऊन त्यांनी स्वतः दोन खुर्च्या वर आणल्या. मग भाषण. त्यांचे चुलते मोठे पैलवान होते, हे आम्हाला त्यातून तपशीलवार कळलं. “आमच्या चुलत्यांनी आयुष्यात एक कुस्ती सोडवून घेतली नाही,” ते म्हणाले. कुस्ती लांबली की पंच ती बरोबरीत सोडवतात. हे चुलते पंचांनाच ढकलून द्यायचे आणि एकतर पाडायचे नाहीतर पडायचे. टाळ्या झाल्या.

“पण आज,” पाहुणे म्हणाले, “आज इथे कोणी पहिलं नाही, कोणी शेवटचं नाही. माझ्यासाठी सगळेच विजेते.”

मागे टेबलावर पदकं होती. प्रत्येकावर कोरलं होतं: ‘विजेता’. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही बातमी त्यांनाही तेव्हाच कळत होती.

“साहेब, जिल्ह्याला नावं द्यायची हायेत,” तात्या खालच्या आवाजात म्हणाले.

“त्याचा विचार केलाय ना. चिठ्ठ्या टाकू. म्हणजे कोणावर अन्याय नको.”

आणि खरोखर वाडग्यात चिठ्ठ्या पडल्या. पहिलाच प्रकार बायकांची गोळाफेक. पाहुण्यांनी डोळे मिटून हात घातला, चिठ्ठी उघडली आणि माझं नाव वाचलं.

आयुष्यात पहिल्यांदा माझा पहिला नंबर आला होता. मंदा मान खाली घालून आपल्या तळहातांकडे बघत होती. मला इतकी लाज वाटली की मी काठी टेकत उठले आणि माईकमध्ये म्हटलं, “मी तिसरी आलेय. माझा गोळा सगळ्यात मागे पडला. मी जाणार नाही.”

“किती मोठं मन,” पाहुणे गहिवरून म्हणाले. “टाळ्या होऊन जाऊ द्या. आपण दुसरी चिठ्ठी काढू.”

खरं बोललं की मन मोठं ठरतं, ही आमच्या जातकुळीची जुनी अडचण आहे. त्यांचा हात पुन्हा वाडग्यात गेला होता. आत दोनच चिठ्ठ्या उरल्या होत्या, म्हणजे निम्मी शक्यता कुसुमताईंची. तेवढ्यात कुसुमताई कुबडी टेकत उठल्या. त्या बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्या उठल्या.

“पावनं, हात भाईर काडा,” त्या म्हणाल्या. माईकची त्यांना गरज नव्हती. “मी हरलीय. हिचा गोळा माज्या म्होरं वीतभर पडला, समद्यांनी बगितला. इतकी सालं जिकली तवा माजं नाव लावलंत. आता हरली तर ते का झाकता?”

“ताई, आम्हाला तुमचं मन दुखवायचं नव्हतं…”

“दुकू द्या की. हरल्यावर दुकतंच.” मग त्या मैदानाकडे वळल्या. “माजी कुस्ती सोडवू नका. निकाली करा.”

हे दोन शब्द मुळशीत कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मागून एका टोपीवाल्याचा आवाज आला, “निकाली.” मग दुसऱ्याचा. हलगीवाला सत्कारासाठी कोपऱ्यात बसला होता, त्याने कुणी न सांगता हलगीवर काठी मारली. पाहुण्यांनी वाडग्यातून हात काढला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. चुलत्यांची गोष्ट सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती.

“पहिला क्रमांक,” ते म्हणाले आणि थांबले. नाव त्यांना माहीत नव्हतं.

“मंदा,” कुसुमताई म्हणाल्या.

आखाड्यात करतात तसा क्रीडाशिक्षकांनी मंदाचा हात धरून वर केला. भाऊ तिला पाठीवर घेऊन मैदानभर फिरला, पुढे हलगी. मी रडले. ‘दिव्यांगांना पाहून डोळे पाणावले’ असं लिहिणाऱ्यांवर मी आजवर फार हसले आहे, पण रडले.

त्यानंतर सगळ्याच प्रकारांचे नंबर जाहीर झाले आणि वाडगं टेबलाखाली गेलं. पदकं सगळी ‘विजेता’, म्हणून ती फक्त पहिल्यांना. दुसऱ्यांना काय? तात्यांनी पाहुण्यांच्या सत्काराचा नारळ उचलून कुसुमताईंना दिला. बाकीच्या दुसऱ्यांसाठी देवळापुढच्या दुकानातून नारळ मागवले. मग ते त्याच आठवड्यात झालेल्या जत्रेतून मागे उरलेल्या खाऊच्या गाडीवर गेले आणि कागदाच्या पुड्या घेऊन आले.

“तिसऱ्याला रेवड्या,” ते मला म्हणाले. “माजी चेष्टंची हुती. ही तुमची हाय.”

परत

येताना ताम्हिणीकडून परतणाऱ्या गाड्यांची रांग पिरंगुटपर्यंत होती. रविवारी संध्याकाळी या रस्त्याने येऊ नका, एवढा एक सल्ला तरी माझा ऐका. सूसला पोचले तर लिफ्ट सुरू झाली होती आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझं अभिनंदन आलं होतं: ‘आपल्या दिव्यांग भगिनी स्पर्धेत सहभागी झाल्या, सलाम त्यांच्या जिद्दीला’. त्याखाली हात जोडलेले बरेच.

लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, “मग, कितवा नंबर?”

“तिसरा.”

“अरे वा! किती जणींत?”

“तिघींत.”

त्यांचा चेहरा लगेच मऊ झाला. “असू दे हो. भाग घेणं महत्त्वाचं.” मी त्यांना रेवडी दिली नाही.

मंदा पुढच्या महिन्यात जिल्ह्याला जातेय. भावाने कंपनीत तेवढी सुट्टी आधीच मागून ठेवली आहे. कुसुमताईंचा परवा फोन आला होता, पुढच्या वर्षी त्या पहिला नंबर परत घेणार आहेत म्हणे. मी म्हटलं, माझाही विचार करा. त्या खूप हसल्या, आणि मग म्हणाल्या, “या की. पाडते तुमाला बी.”

म्हणून काल सकाळी, सोसायटी उठायच्या आत, मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन खालच्या बागेत गेले. गोळा कुठून आणणार, घरातला वरवंटा घेतला. खांद्याशी धरला, डोळे मिटले आणि टाकला. आवाज ऐकून बिहारहून आलेला आमचा वॉचमन धावत आला.

“मॅडम, कुछ गिर गया क्या?”

“गिरा नहीं, फेका है. देखो, कहाँ तक गया.”

तो गवतात गेला, वरवंट्याजवळ उभा राहिला, माझ्याकडे आणि खुर्चीकडे नीट बघून त्याने अंदाज घेतला.

“ज़्यादा दूर नहीं गया, मॅडम.”

मी पुडी उघडून त्याला एक रेवडी दिली.